गळाचा पैसा गावात राहील का?

मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही, पण पाण्यावर पोट असलेली गावे आहेत. पैठणचा नाथसागर, सिंदफणेवरचे माजलगाव, पूर्णेवरची येलदरी, धनेगावचा मांजरा प्रकल्प, परांडा तालुक्यातले सीना-कोळेगाव अशा जलाशयांच्या काठी भोई, कहार आणि कोळी समाजाची कुटुंबे राहतात. धरणात जमीन गेल्यावर नाइलाजाने जाळे हाती घेतलेले शेतकरीही त्यांच्यात आहेत. अलीकडे या काठांवर आणखी एक माणूस दिसू लागला आहे. तो शहरातून मोटारीने येतो, त्याच्याजवळ रीळ बसवलेली लवचीक काठी आणि प्लास्टिकची रंगीत आमिषे असतात, आणि दिवसभर उन्हात उभा राहून पकडलेला मासा पुष्कळदा तो फोटो काढून पुन्हा पाण्यात सोडून देतो. या हौशी माणसाच्या खिशातला पैसा काठावरच्या गावाला मिळू शकेल, असे आता बोलले जाऊ लागले आहे. माझे म्हणणे असे की मिळू शकेल, पण आपोआप मिळणार नाही. गळ टाकू देण्याचा हक्क ज्याच्या हाती असतो त्याच्याकडे हा पैसा जातो, आणि आपल्या जलाशयांवर तो हक्क आज कोणाचा, हे कोणी नीट ठरवलेलेच नसल्यामुळे उद्या एखादा बाहेरचा माणूस तो सहज उचलून नेईल.

आज जलाशयातल्या माशाचे मोल काट्यावर ठरते. मत्स्यव्यवसाय विभाग तलाव ठेक्याने देतो, सामान्यतः पाच वर्षांसाठी, आणि त्यात स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला प्राधान्य असते. संस्थेने ठेक्याची रक्कम भरायची, मत्स्यबीज आणून सोडायचे, बोटुकलीचा, म्हणजे बोटभर पिल्लाचा, दीड-दोन किलोचा कटला किंवा रोहू होईपर्यंत थांबायचे आणि मग सभासदांनी जाळी लावायची, अशी ही व्यवस्था कागदावर आहे. प्रत्यक्षात जाळ्यासाठी, होडीसाठी, कधी घरातल्या आजारपणासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते, आणि उचल घेतलेल्या माणसाला आपला मासा दुसऱ्या कोणाच्या काट्यावर नेता येत नाही. पहाटे तीनला पाण्यात उतरलेला माणूस सकाळी भाव विचारत नाही, कारण तो विचारण्याची सोय त्याने आधीच गमावलेली असते. संस्थेचे नाव पुढे आणि पैसा मात्र भलत्याचाच, असेही प्रकार होतात. काठावरच्या कोणत्याही गावात चहाच्या टपरीवर बसले तर त्याबद्दल ऐकायला मिळते. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे कर्ज आणि वीजदराच्या बाबतीत काही सवलती मिळतील. तरीही मासा एकदाच विकला जातो आणि तो कोणत्या भावाने विकला जातो हे पकडणाऱ्याच्या हातात नसते, ही मूळ अडचण त्या निर्णयाने सुटत नाही.

हौशी मासेमारीचे अर्थकारण नेमके या ठिकाणी वेगळे पडते, कारण त्यात विकला जातो तो मासा नसून तो पकडण्याची संधी असते. बहामा बेटांचे उदाहरण या बाबतीत सर्वांत स्पष्ट आहे. अँड्रोससारख्या बेटावरच्या छोट्या वस्त्यांजवळ गुडघाभर पाण्याचे पांढऱ्या वाळूचे उथळ पट्टे आहेत आणि तिथे बोनफिश नावाचा चपळ, काटेरी मासा फिरतो. बाजारात त्याला फारशी किंमत नाही. पण त्याला गळाला लावण्यासाठी अमेरिकेतून माणसे विमानाने येतात, आठवडाभर राहतात, आणि स्थानिक वाटाड्या बांबूसारख्या लांब काठीने होडी ढकलत त्यांना मासा दाखवतो. २०१० मध्ये झालेल्या एका अभ्यासाने या उथळ पाण्यातल्या मासेमारीचा देशाच्या अर्थव्यवस्थेवरचा वार्षिक परिणाम १४ कोटी डॉलरच्या वर असल्याचे दाखवले. कॅरिबियन समुद्राच्या काठावरच्या बेलीझ देशाने २००९ मध्ये बोनफिश, टार्पन आणि पर्मिट हे तीन मासे पकडले तर सोडूनच दिले पाहिजेत असा कायदा केला. त्यामागचा विचार सरळ व्यवहाराचा होता: तोच मासा पुढच्या महिन्यात दुसऱ्या पाहुण्याच्या गळाला लागला तर गावाला दुसऱ्यांदा मजुरी मिळते.

अशा आकड्यांनी हुरळून जाण्याआधी ते कसे काढले जातात ते समजून घेतले पाहिजे. पर्यटकाने केलेला एकूण खर्च आणि गावाला झालेला फायदा या दोन वेगळ्या रकमा आहेत, आणि अहवालांत पुष्कळदा पहिलीच रक्कम ठळक अक्षरांत छापली जाते. समजा, छत्रपती संभाजीनगरचे चार मित्र रविवारी माजलगावला गेले आणि दिवसभरात सगळे मिळून पाच हजार रुपये खर्चले. त्यातले दोन हजार पेट्रोलचे, हजार-बाराशे वाटेतल्या ढाब्याचे, आणि आमिषे, तंगूस, शिसे यांचे आणखी हजारभर धरले, तर ती रक्कम शहरातल्या दुकानात आणि तिथून जपानी किंवा चिनी कंपनीपर्यंत पोहोचलेली असते. काठावरच्या गावात उरतो तो चहा, पाण्याच्या बाटल्या आणि झालेच तर होडीवाल्याला संकोचाने दिलेले दोनशे रुपये. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. माणूस एखाद्या जागेसाठी किती दूरवरून आणि किती खर्चून येतो यावरून त्या जागेचे मोल काढता येईल, ही कल्पना हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाला लिहिलेल्या पत्रात मांडली होती आणि ती आजही वापरली जाते. ती कल्पना जागेचे मोल सांगते. त्या मोलातला किती हिस्सा जागेवरच्या माणसाच्या घरी गेला, हे ती सांगत नाही, आणि सांगण्याचा तिचा दावाही नाही. आपल्याला मात्र नेमके तेच विचारायचे आहे.

या गणिताची एक दुसरी, अधिक धोक्याची बाजू ऑस्ट्रेलियात दिसली. न्यू साउथ वेल्स राज्यात हौशी मासेमारीला परवाना लागतो आणि परवान्याचे पैसे एका स्वतंत्र विश्वस्त निधीत जमा होतात, ही चांगली व्यवस्था आहे. पण त्याच निधीतून २००२ मध्ये व्यावसायिक मच्छीमारांचे हक्क विकत घेण्यात आले आणि लेक मॅक्वारी, टुरॉस लेक यांसारखी तीस ठिकाणे केवळ हौशी लोकांसाठी राखून ठेवण्यात आली. हक्क सोडणाऱ्यांना मोबदला मिळाला, हे खरे आहे. तरीही गळाला लागलेला एक किलो मासा जाळ्यातल्या एक किलो माशापेक्षा अर्थव्यवस्थेला कितीतरी पट मोलाचा आहे, असे एकदा सिद्ध केले की जाळेवाल्याला बाजूला सारण्याचे कारण तयार होते, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियातल्या जाळेवाल्याजवळ निदान विकण्यासारखा कागदोपत्री हक्क होता. येलदरीच्या काठावर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे ओढणाऱ्या माणसाजवळ संस्थेचे सभासदत्व असले तर असते, आणि तेही ठेक्याची मुदत संपेपर्यंतच उपयोगाचे. उद्या एखाद्या कंपनीने रिसॉर्ट काढून, होड्या आणून, सरकारला मोठी रक्कम देऊ केली, तर या माणसाचे मोल आकड्यांच्या कोणत्या रकान्यात बसेल?

ही भीती काल्पनिक नाही. नाथसागरावर तरंगत्या सौर पॅनेलचा प्रकल्प आला तेव्हा कहार समाजाच्या पंच कमिटीने उपजीविकेचा आणि पक्ष्यांचा मुद्दा घेऊन हरित लवादाकडे दाद मागितली. तिथे आणि पुढे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ती मागणी टिकली नाही. सौरऊर्जा हवीच, याबद्दल माझे दुमत नाही. पण मेगावॉट, रुपये आणि हेक्टर यांत एका बाजूचा हिशेब चोख मांडलेला असताना दुसऱ्या बाजूला कोणाच्या जाळ्यात रोज काय येते, कोणत्या मोसमात किती कुटुंबे त्यावर जगतात, याची साधी वहीही नसेल, तर वजन कुणीकडे पडणार हे ठरलेलेच आहे. हौशी मासेमारीचा विचार मला महत्त्वाचा वाटतो तो या कारणाने. परवाना, होडीची पाळी आणि पावती आली की नोंद येते, आणि एकदा नोंद आली की या पाण्यावर कोण जगते हे सरकारी कागदालाही मान्य करावे लागते.

म्हणून आधी ठरवायला हवी ती हक्काची बाब. तलावाचा ठेका संस्थेला देताना मत्स्यव्यवसाय विभागाच्या करारात गळाने मासेमारी करू देण्याचा आणि त्याचे शुल्क घेण्याचा अधिकार संस्थेचा राहील, तो दुसऱ्याला पोटठेक्याने देता येणार नाही, असे कलम असले पाहिजे. काश्मीरमध्ये ट्राउटच्या नद्यांचे टापू पाडून दिवसाचा परवाना दिला जातो आणि एका काठीला किती मासे ठेवता येतील याची मर्यादा घातली जाते; हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यातही परवाना विभागाकडूनच मिळतो आणि राहण्या-जेवणाचा पैसा मात्र गावातल्या घरांना मिळतो. ती पद्धत तिथे चालते. आपल्याकडे जाळे लावून पोट भरणारा समाज आहे, म्हणून शुल्क थेट सरकारी तिजोरीत जाऊन चालणार नाही. अमेरिकेने १९५० मध्ये एक चांगला धडा घालून दिला आहे: मासेमारीच्या साहित्यावर घेतलेला कर तिथे कायद्याने बांधून मत्स्यसंवर्धनासाठीच राज्यांना दिला जातो, तो इतर खर्चात विरून जात नाही. संस्थेच्या पातळीवर त्याचा अर्थ एवढाच की परवान्याच्या पैशाचा ठरलेला वाटा मत्स्यबीजावर खर्च झाला पाहिजे आणि तो किती झाला हे वार्षिक सभेत वाचून दाखवले पाहिजे.

होड्यांची पाळी लावणे हे त्याहून अवघड काम आहे, कारण त्यात गावातले राजकारण येते. पाळी नसेल तर ज्याचा भाऊ सरपंच आहे त्याचीच होडी रोज भरेल. उजनीच्या काठावर, भिगवणजवळच्या कुंभारगावात, पक्षी बघायला येणाऱ्यांना होडीतून नेण्याचा व्यवसाय तिथल्या मच्छीमारांनीच उभा केला आहे. रोहित पक्ष्यांच्या मोसमात पुण्याहून माणसे येतात, होडीचे भाडे आणि घरच्या जेवणाचे पैसे गावात राहतात. मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचे हे उदाहरण आहे आणि त्यासाठी कोणी परदेशी अभ्यास मागवला नव्हता. त्याच जलाशयात मे २०२४ मध्ये प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले, हेही विसरता येत नाही. गळवाल्याला होडीत बसवायचे असेल तर जॅकेट, होडीची तपासणी आणि वाऱ्याचा अंदाज या गोष्टी शुल्क घेण्याआधी आल्या पाहिजेत, मग त्यासाठी पहिल्या वर्षी संस्थेला काहीच नफा उरला नाही तरी चालेल.

वाटाड्याच्या मजुरीला गाव दान समजते आणि शहरातला माणूस बक्षिशी समजतो, दोघेही चुकतात. तिथे जे विकले जाते ते ज्ञान आहे. माजलगावच्या फुगवट्यावर पावसाळ्याच्या तोंडी मी एका मध्यमवयीन मच्छीमाराला एका तरुण गळवाल्याचा हात धरताना पाहिले आहे. तरुणाने रबरी बेडूक फेकण्यासाठी काठी मागे नेली होती, कारण समोर गवताच्या कडेला पाण्यावर तांबूस-नारिंगी डाग खळबळत होता, जणू कोणी कुंकू सांडले आहे. "दादा, तिथं नका टाकू. पिलं हायेत मरळीची, खाली आई-बाप बसल्यात," एवढेच तो म्हणाला. मरळ आपल्या पिलांच्या थव्याची राखण करते आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडते; त्यामुळे त्या वेळी तिला गळाला लावणे सर्वांत सोपे असते आणि सर्वांत नुकसानीचे, कारण राखणदार गेला की पिले इतर माशांच्या आणि पाणकावळ्यांच्या तोंडी जातात. कटला-रोहूचे गणित निराळे आहे. त्यांना विणीसाठी वाहते पाणी लागते, साठलेल्या पाण्यात त्यांची संख्या मुख्यतः सोडलेल्या बीजावर टिकते, म्हणून सोडून दिलेला कटला म्हणजे संस्थेने घातलेले भांडवल परत संस्थेच्या पाण्यात आले, एवढाच त्याचा अर्थ. ठेवायचा असेल त्याने तो संस्थेच्या काट्यावर तोलून त्या दिवसाच्या भावाने विकत घ्यावा. परवान्यावर छापायचे नियम कोणत्या माशाला कधी हात लावायचा नाही हे सांगणारे असावेत, आणि ते तलावागणिक वेगळे असल्यामुळे काठावरच्या लोकांनीच लिहावेत.

नाथसागराचे नाव या चर्चेत आधी येते, पण सुरुवात तिथून करू नये. सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरचा तो जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि अभयारण्यात खेळ म्हणून मासा पकडणे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कचाट्यात सापडते. कर्नाटकात कावेरीच्या काठावर भीमेश्वरी, गलिबोरे या ठिकाणी महसीर पकडून सोडण्याची शिबिरे वर्षानुवर्षे चालली. पूर्वी चोरून सुरुंग लावणारी काही माणसे तिथे राखणदार आणि वाटाडे झाली होती, असे त्या शिबिरांचे समर्थक आवर्जून सांगतात. तरीही अभयारण्यातला हा खेळ कायद्यात बसत नाही म्हणून तो बंद झाला, आणि ज्यांनी त्यावर संसार बेतला होता त्यांना पुन्हा दुसरे काम शोधावे लागले. पैठणच्या माणसाला तशा आशेला लावणे बरोबर नाही. शिवाय टाकून दिलेल्या तंगुसात पाय अडकलेला पक्षी सुटत नाही. माजलगाव किंवा येलदरी या ठिकाणी प्रयोग करावा, आणि पैठणला कुंभारगावासारखे पक्षी दाखवण्याचे काम वाढवावे, हे अधिक शहाणपणाचे आहे.

या सगळ्याला एक आक्षेप आहे आणि तो मला हलका वाटत नाही. नाथांच्या पैठणात, माळकऱ्यांच्या या मुलखात, पोटासाठी मासा मारणाऱ्याला समाजाने समजून घेतले आहे. पण केवळ गंमत म्हणून जिवाच्या तोंडात आकडा रुतवायचा आणि फोटो काढून सोडून द्यायचे, यात कोणता सभ्यपणा, असे कोणी विचारले तर त्याला पर्यटनाचे आकडे दाखवून उत्तर देता येत नाही. सोडलेला प्रत्येक मासा जगतो, हेही खरे नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी तापलेले आणि प्राणवायू कमी असतो, तेव्हा दमवलेला मासा सोडल्यावर काही वेळाने पालथा होतो. घशात खोल गेलेला आकडा ओढून काढला तरी तेच होते. म्हणून उन्हाळ्यात आणि विणीच्या पावसाळ्यात गळ बंद, उलटा काटा दाबून टाकलेला आकडा सक्तीचा, मासा कोरड्या हाताने किंवा मातीत ठेवून हाताळायचा नाही, एवढे नियम झाले तर वेदना कमी होते, नाहीशी होत नाही. ज्याला ती मान्य नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही. मात्र त्याच जलाशयात बारीक आसाच्या जाळ्याने बोटभर पिल्ले ओढली जातात आणि कुठे पाण्यात विष किंवा जिलेटिन टाकले जाते, ज्याला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, त्याकडेही या आक्षेप घेणाऱ्यांनी तितक्याच कळवळ्याने पाहावे. पाण्यावर दिवसभर डोळा ठेवणारा माणूस ठेवायला परवान्याच्या पैशातून पगार निघत असेल, तर या गोष्टींना आळा बसण्याची शक्यता वाढते.

दुष्काळाचा प्रश्न याहून कठीण आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा मांजरा प्रकल्पात मासाच काय, ओल शोधावी लागत होती. पाणी आटू लागले की मासा एका डबक्यात गोळा होतो, सगळे जण मिळेल त्या जाळ्याने तो उपसतात, भाव कोसळतो आणि पुढची दोन वर्षे संस्थेकडे विकायला काही नसते. मराठवाड्यात हे अपवादाने होत नाही, काही वर्षांनी ते पुन्हा घडतेच. त्यामुळे हौशी मासेमारीवर एखाद्या कुटुंबाने कर्ज काढून नवी होडी घ्यावी किंवा गावाने खोल्या बांधाव्यात, असा सल्ला मी देणार नाही. असलेली होडी, असलेले घर, घरातल्या बाईने केलेले कालवण-भाकरी, यांतून जाळ्याच्या उत्पन्नाला जोड मिळावी, एवढीच अपेक्षा ठेवली तर कोरडे वर्ष आले तरी बुडण्यासारखे फारसे काही नसेल. जेवणाचे पैसे स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातात द्यावेत, ते होडीच्या भाड्यात मिसळू नयेत, हेही पावतीवर वेगळे लिहिलेले बरे. मासा विकण्याचे आणि साफ करण्याचे बरेचसे काम बायका करतात आणि संस्थेच्या सभासदयादीत त्यांची नावे क्वचितच सापडतात.

माजलगाव किंवा येलदरीच्या ठेक्याची मुदत संपेल तेव्हा नव्या कराराचा मसुदा विभागाच्या टेबलावर असेल. त्यात गळाच्या हक्काचे कलम घालायला मंत्रिमंडळाच्या बैठकीची गरज पडू नये. विभागाने मनावर घेतले आणि संस्थेने ठराव करून मागितले, तर पाच वर्षांच्या एका मुदतीत पावत्यांवरून हे कळू शकेल की पाहुण्यांच्या खर्चातला किती पैसा काठावर थांबला. पण मागणीचा तो ठराव मच्छीमार संस्थेच्या सर्वसाधारण सभेत झाला पाहिजे, आणि ज्या संस्थांची सर्वसाधारण सभा वर्षानुवर्षे कागदावरच भरते, त्या संस्थांच्या सभासदांनी आधी ती प्रत्यक्षात भरवायला लावली पाहिजे.